तिसरा पिस्टन

एर्नेस्टिन मेदा परत गाडी ढकलत आली.
बुगुरिबाच्या पुलापासून, सात किलोमीटर,
मागे लशींचा डबा, चपलांवर लाल धूळ.
काही बोलली नाही. गाडी स्टँडवर लावली
आणि माझ्याच बाकावर बसून माझंच पाणी प्यायली.

पहिला पिस्टन गेला तेव्हा मी म्हणालो, तेल.
तेलाचा पंप कुणीतरी केव्हाच काढून टाकलाय,
टाकीतच मिसळावं लागतं, झाकणाच्या मापाने,
आणि दिएबुगूत पेट्रोल येतं बाटलीतून,
बाटलीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.
दुसऱ्या वेळी म्हणालो, धूळ.
डिसेंबरात वाळवंट इथवर चालत येतं,
दातांखाली कचकचतं, तिथे फिल्टरची काय कथा.
दोन्ही वेळा तिने मान हलवली, पैसे मोजले.
दोन्ही वेळा मी खरंच बोलत होतो,
खऱ्याच्या अलीकडे थांबून.

आज हेड उघडलं आणि घाई केली नाही.
पिस्टन उन्हात धरून फिरवला:
सायलेन्सरच्या अंगाला उभे ओरखडे,
ॲल्युमिनियम वितळून रिंगेवर लेपलेलं.
प्लग पांढरा, तापकऱ्याच्या जिभेसारखा.
जेट साफ. गाळणीही साफ.
"मूठ सोडल्यावर कशी वागते?" मी विचारलं.
हे पहिल्याच वेळी विचारायचं होतं.
"ऐकत नाही," ती म्हणाली. "चढ संपला तरी
ओरडतच राहते, दमलेलं मूल रडत राहतं तशी."

म्हणजे हवा.
कुठूनतरी चोरून हवा पितेय,
पेट्रोल पुरत नाही, त्यातून येणारं तेलही नाही,
आणि पिस्टन कोरड्या घशाने धावतोय.

आन्सेल्मने सायकलचा पंप आणला.
सायलेन्सरच्या तोंडात रबराचा बोळा,
प्लगच्या भोकाला ट्यूबचा तुकडा,
कार्बोरेटरच्या जागी तिचाच हातमोजा, घट्ट बांधून.
पाच बोटं फुगली, उभी राहिली,
मग एकेक करून वाकली.
साबणाचं पाणी गास्केटवर, जोडांवर, नटांवर.
बुडबुडा म्हणून नाही.

तेव्हा ती उठली.
पिशवीतून लाकडी नळकांडं काढलं,
बाळाचे ठोके ऐकायचं.
तेलाच्या डागातच गुडघे टेकले,
रुंद तोंड इंजिनाच्या पोटाला, दुसऱ्या टोकाला कान.
समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं.
मी पंप मारत राहिलो.
"डावीकडे," ती म्हणाली. "या झाकणामागे. सुस्कारतंय."

मॅग्नेटो खोलला. मागचं ऑइल सील ओलं, काळं,
ओठाला एक चीर, नखाएवढी, सरळ.
झिजून अशी चीर पडत नाही.
अशी पडते स्क्रूड्रायव्हरने,
सील तिरकं बसतंय म्हणून टोकाने दाबलं की.
गेल्या वर्षी ते मी बसवलं होतं,
शनिवारी, वीज जायच्या आत.

सांगितलं नसतं तरी चाललं असतं.
सील म्हातारी होतात, कुणालाही पटलं असतं.
आन्सेल्म माझ्याकडे बघत होता
आणि त्याच्या हातात नेमका तोच स्क्रूड्रायव्हर.

"माझ्या हातून झालंय," मी म्हणालो.
तिने नळकांडं पुसलं, सावकाश, आतूनसुद्धा.
"आमच्या वहीत एक रकाना असतो," ती म्हणाली,
"कुणाच्या हातून. तो रिकामा ठेवायचा नसतो."
मग विचारलं, सकाळपर्यंत होईल का,
नदीपलीकडे एकीचे दिवस भरलेत.

नवं सील आन्सेल्मने बसवलं.
बोटाने ग्रीस, दोन अंगठ्यांचा दाब,
जुन्या बेअरिंगची कडी ठेवून हलके ठोके.
स्क्रूड्रायव्हर मी खिशात घातला होता.
मोजा पुन्हा बांधला, पुन्हा हवा भरली.
चर्चची घंटा झाली. शिंपी दुकान बंद करून
आमच्यात येऊन उभा राहिला, का ते न विचारता.
पाच बोटं, ताठ, अंधार पडेपर्यंत.

मजुरी मी घेतली नाही.
साबणाचे पैसे तिने दिलेच.